रात्रीच्या पाळीचे बूट

फलटणच्या बागायती पट्ट्यात नीरा उजव्या कालव्याची पाळी रात्रीची आली की दारे धरायला माणूस अंधारात उसात शिरतो, तोही बहुधा अनवाणी. चिखलात चप्पल रुतते ना! आणि उसात घोणस असते. तिचे दंश बहुतेक पावलावर नाहीतर घोट्यापाशीच होतात. बँकेत पीककर्जाचे अर्ज मी वर्षानुवर्षे तपासले. बी, खत, औषध सारे असे, पायांसाठी रकाना नसे.

गमबूट म्हणजे इंग्रजांचा ‘वेलिंग्टन’. १८०३ मध्ये असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या फौजांना हरवणारा आर्थर वेलस्ली तो हाच, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. त्याचे बूट कातड्याचे. रबरी बूट एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला निघाले.

खरेदी संध्याकाळी करावी, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. जाड सुती मोजे घालून दुकानातच चालून पाहावे. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. टाच आत वरखाली झाली की फोड आलाच. नळी पोटरीपर्यंत, तळाला खोल खाचा. बूट वाकवून पाहावा. घडीत बारीक चिरा दिसल्या तर माल जुना. पीव्हीसी स्वस्त पण ताठर, रबर महाग पण मऊ. मी रबरच सांगेन, कारण चावणारा बूट खुंटीवरच राहतो आणि माणूस पुन्हा अनवाणी जातो.

धुऊन सावलीत उलटे टांगावेत. उन्हाने रबर तडकते. घालण्याआधी झटकावेत, आत विंचू दडतो. हातात बॅटरी हवीच. एवढे करूनही दंश झाला, तर आवळून बांधणे नको, चिरा देणे नको, मांत्रिक तर नकोच. प्रतिसर्पविषाची लस असलेला सरकारी दवाखाना गाठावा.