रोझेलची मावशी

दोस्तांनो, आजोळी गेल्यावर पहिल्या रात्री झोप येत नाही, असं तुमच्यापैकी कितीतरी जण सांगतात. उशी वेगळी, भिंतीवरच्या सावल्या वेगळ्या! आणि ते तर आपल्याच माणसांचं घर. मग ज्या घरातलं एकही माणूस कधी पाहिलेलं नाही, तिथं राहायला जायचं, तेही सातासमुद्रापार, म्हणजे काय होत असेल?

डॉ. आनंदीबाई जोशी हे नाव तुम्हाला पाठ आहे. पण ती अमेरिकेत राहिली कुठं? आमच्या चौथीच्या वर्गात मी हे विचारलं, तर एकानं ठोकून दिलं, "हॉस्टेलवर, बाई!" (तेव्हा तिचं वय तुमच्या ताईएवढंच होतं, म्हणून मी 'ती'च म्हणते बरं का.)

गोष्ट सुरू होते एका मासिकापासून. आनंदीला शिकवायचं, या ध्यासानं तिचे पती गोपाळराव यांनी अमेरिकेतल्या मिशनऱ्यांना पत्र लिहिलं. 'तुम्ही ख्रिस्ती व्हा', असा सल्ला उत्तरात मिळाला. तो काही त्यांना मान्य नव्हता. हा पत्रव्यवहार 'मिशनरी रिव्ह्यू' नावाच्या मासिकात छापून आला. न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर बाई दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट पाहत बसल्या होत्या. तिथं पडलेला तो अंक त्यांनी सहज चाळला. ना ओळख ना देख, पण या मुलीला आपण आसरा द्यावा असं त्यांना वाटलं. त्यांनी तसं कळवलं आणि पत्रं सुरू झाली. तीनेक वर्षं! आनंदी त्यांना 'मावशी' म्हणू लागली. म्हणजे बघा, घर पाहण्याआधीच नातं जुळलं.

७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोट सुटली. गोपाळराव सोबत नव्हते. ४ जूनला आनंदी न्यूयॉर्कला उतरली, तेव्हा कार्पेंटरबाई बंदरावर घ्यायला आल्या होत्या. वय वर्षं अठरा, अंगावर लुगडं, कपाळाला कुंकू.

पुढचे चार महिने ती रोझेलच्या घरात राहिली. पाहुणी म्हणून कोपऱ्यात बसून राहिली असती तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पण हिनं काय करावं? ओळखीच्या अमेरिकन बायकांना चक्क आपली लुगडी नेसवली आणि आपल्याकडच्या पद्धतीचं जेवण वाढलं! मला तर ते चित्र डोळ्यांपुढं आणून अजून हसू येतं.

सगळंच काही गमतीचं नव्हतं. ती शाकाहारी, आणि तिनं तो नेम सोडला नाही. तिकडं जाऊन धर्म बदलणार नाही, असं तर ती निघण्याआधी भर सभेत बोलली होती. कार्पेंटर कुटुंब ख्रिस्ती, पण त्यांनी तिला बळजबरी केली नाही. थंडीचा प्रश्न मात्र निराळा होता. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहतात आणि तिकडं हिवाळ्यात बर्फ. मग तिनं पाय झाकणारी गुजराती पद्धतीची साडी नेसायला सुरुवात केली. तुम्हाला वाटेल, यात काय एवढं? पण नवऱ्याला हे कसं कळवावं, याचा तिला किती विचार करावा लागला! गोपाळरावांची पत्रं कधीकधी फार कडक असत. काय सोडायचं आणि काय धरून ठेवायचं, हे तिथं एकटीनं ठरवायचं होतं.

ऑक्टोबरात ती फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजात दाखल झाली. तिथली खोली वाईट. शेकोटी पेटवावी तर धूर कोंडायचा, न पेटवावी तर थंडी. मावशीच्या घराची किंमत तिला तेव्हा कळली असेल. तब्येत ढासळत गेली, पण अभ्यास सोडला नाही. ११ मार्च १८८६ रोजी ती डॉक्टर झाली.

आता परदेशात एखाद्या कुटुंबात राहून शिकणं नवलाचं राहिलेलं नाही. युद्धात जखमींना अँब्युलन्समधून नेणाऱ्या स्वयंसेवकांची एएफएस ही अमेरिकन संघटना. तिनं तर १९४७ पासून शाळकरी मुलांसाठी अशी योजनाच सुरू केली. शत्रू म्हणून लढलेल्या देशांतली मुलं एकमेकांच्या घरी जेवली तर पुन्हा लढाईला उठणार नाहीत, अशी त्यामागची आशा. आनंदीच्या वेळी मात्र योजना नव्हती की संस्था नव्हती. होती फक्त पत्रं.

क्षयानं पोखरलेली आनंदी मायदेशी परतली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारली. बावीस वर्षंही पुरी नव्हती. गोपाळरावांनी तिच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सी गावी कार्पेंटर घराण्याची दफनभूमीत जागा आहे. घरच्या माणसांच्या थडग्यांमध्येच मावशीनं तिच्यासाठी दगड बसवला. शिक्षणासाठी भारताबाहेर पडलेली पहिली ब्राह्मण स्त्री, असं त्यावर कोरलं आहे. तो दगड आजही तिथं आहे.