पासपोर्ट कुणाच्या कपाटात?

आखातातल्या ‘कफाला’ पद्धतीत घरकामगार बाईचा व्हिसा मालकाशी बांधलेला असतो. पासपोर्टही त्याच्या कपाटात गेला, की पगार थकला तरी तिला दार ओलांडता येत नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १६ जून २०११ रोजी संमत केलेल्या १८९ क्रमांकाच्या करारातले नववे कलम मला सर्वांत मोलाचे वाटते. पासपोर्ट तिच्याच ताब्यात राहावा, सुट्टीत घरात थांबण्याची सक्ती नसावी, असे ते सांगते. आठव्या कलमानुसार नोकरीच्या अटी देश सोडण्यापूर्वीच लेखी मिळायला हव्यात. मात्र करार बांधतो तो मान्यता देणाऱ्या देशालाच. फिलिपिन्सने ती २०१२ मध्ये दिली. भारताने बाजूने मत दिले, मान्यता अजून नाही. मग आपल्या बायकांसाठी हे कलम परदेशाकडे कोणत्या तोंडाने मागायचे?