‘चला, ठेवतो मग!’ म्हटल्यावरही फोन का ठेवला जात नाही? बोलणे नेमके कधी आणि कसे संपवावे?

फोनवर बोलायला लागून वीस मिनिटे होतात. ‘बरं, चला मग’ असे दोनदा म्हणूनही होते. तिकडे गॅसवरचे दूध उतू जायला आलेले असते, तरी बोलणे सुरूच. समोरच्याला वाईट वाटेल, या भीतीने कुणीच थांबत नाही. गंमत म्हणजे, अनेकदा समोरचाही याच विचारात असतो.

संशोधन काय सांगते?

हार्वर्ड विद्यापीठातील ॲडम मास्ट्रोयानी आणि सहकाऱ्यांचा याविषयीचा अभ्यास २०२१ मध्ये ‘पीएनएएस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात ९३२ संभाषणे तपासली गेली. काही लोकांनी जवळच्या माणसाशी नुकत्याच झालेल्या बोलण्याची माहिती दिली, तर काही अनोळखी जोड्यांना प्रयोगशाळेत गप्पा मारायला बसवले होते. दोघांनाही हवे होते तेव्हाच संपलेली संभाषणे सुमारे २ टक्केच निघाली. काहींना लवकर थांबायचे होते, तर काहींना आणखी बोलायचे होते. पण आपली इच्छा दोघेही लपवतात आणि मग समोरच्याच्या मनातले ओळखता येत नाही.

बोलणे एकदम का तोडू नये?

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ इमॅन्युएल शेग्लॉफ आणि हार्वी सॅक्स यांनी १९७३ मध्ये टेलिफोनवरील संभाषणांच्या शेवटाचा अभ्यास मांडला. बोलणे टप्प्याटप्प्याने संपते. आधी एक जण ‘माझे बोलून झाले’ असे सुचवतो. दुसऱ्याकडेही काही उरले नसेल, तर निरोप घेतला जातो. मराठीत हे काम ‘बरं’, ‘चला’, ‘ठीक आहे मग’ हे शब्द करतात.

मधली ती जागा महत्त्वाची असते. राहून गेलेली गोष्ट तिथेच बाहेर येते. तपासणी आटोपून उठताना ‘डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं’ म्हणणारा रुग्ण कधी कधी खरे दुखणे तेव्हाच सांगतो.

पूर्वी घरी आलेली पाहुणी निघताना म्हणे, ‘कुंकू लाव, येते मी.’ कुंकू लावले की निरोप झाला, हे दोघींनाही कळे. ‘जाते’ऐवजी ‘येते’ म्हटल्याने पुन्हा भेटण्याची ग्वाहीही मिळे. फोनवर असा ठरलेला विधी नाही. तिथे शब्दांवरच भागवावे लागते.

हे करून पाहा

• वेळ आधीच सांगा : ‘दहाच मिनिटं आहेत, पण तुझ्याशी बोलायचंच होतं.’ मग थांबताना अवघडल्यासारखे होत नाही.

• मुद्दा पूर्ण होऊ द्या : वाक्य तोडू नका. ठरले ते एकदा उच्चारा. ‘म्हणजे शनिवारी तू आईला दवाखान्यात नेणार, मी रविवारी येतो. चला, ठेवू का?’

• ‘बाकी काय?’ टाळा : थांबायचे असताना हा प्रश्न विचारला, की नवा विषय सुरू होतो.

• खरे कारण द्या : ‘नेटवर्क जातंय’ ही सबब लगेच ओळखू येते. ‘स्वयंपाक व्हायचाय’ एवढे पुरेसे आहे.

• पाळता येईल तेच बोला : ‘नक्की भेटू’पेक्षा ‘गुरुवारी रात्री फोन करते’ हे अधिक बरे.

• चॅटवरही निरोप घ्या : मध्येच गप्प होण्यापेक्षा ‘आता कामात आहे, उद्या बोलू’ असे लिहा.

अपवाद कोणते?

कर्ज किंवा विमा विकणाऱ्याचा फोन लांबवण्याची गरज नाही. ‘मला नको आहे, धन्यवाद’ म्हणून ठेवणे हा उद्धटपणा नव्हे. संकेत देऊनही कुणी थांबत नसेल, तर ‘मला आता निघायलाच हवं’ असे स्पष्ट सांगावे.

याउलट, समोरचा आवाज जड झाला असेल, तर घड्याळ बाजूला ठेवावे. गावाकडे एकटे राहणारे आईवडील ‘ठेव मग, तुला काम असेल’ म्हणतात, तेव्हा त्यांना खरेच थांबायचे असते असे नाही. अशा वेळी ‘काही सांगायचं राहिलं का?’ एवढे विचारून क्षणभर थांबावे. कधी कधी ज्या कारणासाठी फोन केलेला असतो, ते त्यानंतरच कळते.