जन्म इथला, पासपोर्ट तिथला

मायदेशी आल्यावरही ‘परदेशी’ ठरणाऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी कोणती काळजी घ्यावी?

कोल्हापुरात अंबाबाईचे दर्शन घेऊन एक गृहस्थ आपल्या ऐंशी वर्षांच्या आईसह मुक्कामासाठी लॉजवर गेले. काउंटरवरच्या मुलाने आईचे आधार कार्ड पाहून नोंद केली आणि विचारले, ‘‘साहेब, तुमचं?’’

साहेबांनी अमेरिकेचा पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड पुढे केले. मुलगा गोंधळला. ‘‘आधार नाही? मग जमायचं नाही. फॉरेनची माणसं आम्ही ठेवत नाही.’’

‘‘अरे बाळा, याचा जन्म याच गावातला,’’ आईने सांगून पाहिले. पण उपयोग झाला नाही. रात्री नऊ वाजता मायलेक दुसरे हॉटेल शोधत फिरले.

खरे तर पासपोर्ट हा ओळखीचा पक्का पुरावा आहे. मात्र परदेशी नागरिक मुक्कामाला आला, की हॉटेलला त्याची माहिती २४ तासांच्या आत सरकारला कळवावी लागते. ही कटकट नको म्हणून लहान लॉजवाले सरळ नकार देतात. पाहुणा अस्खलित मराठी बोलतो, एवढ्याने त्याचे परदेशीपण पुसले जात नाही.

नागरिकत्व एकाच देशाचे

भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. १९५५च्या नागरिकत्व कायद्यानुसार, स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे आपोआप संपते. जुना भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो. तो तसाच वापरत राहणे हा गुन्हा आहे.

अशा मंडळींसाठी २००५ साली ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ म्हणजेच ओसीआय योजना आली. नावात ‘सिटिझन’ असले तरी हे नागरिकत्व नव्हे. तो आयुष्यभराचा व्हिसा आहे असे म्हणता येईल. कितीही वेळा यावे, कितीही दिवस राहावे. घर विकत घेता येते. वेरूळ-अजिंठ्याला तिकीट भारतीयांच्याच दराने मिळते. पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही.

आधारचे कोडे

आधारची सुरुवात २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात झाली. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. तो इथे राहणाऱ्याची ओळख पटवतो. म्हणून परदेशी पासपोर्टवाल्यालाही आधार मिळू शकते, पण अर्जाच्या आधीच्या १२ महिन्यांत तो किमान १८२ दिवस भारतात राहिलेला असला पाहिजे. तीन आठवड्यांच्या सुटीवर आलेल्याला ते कसे जमणार?

दोन भावांचे उदाहरण घ्या. धाकटा दुबईत नोकरीला आहे, पण पासपोर्ट भारतीय. त्याला १८२ दिवसांची अट नाही. थोरला शिकागोत राहून अमेरिकन नागरिक झाला, त्याला ती आहे. आई-वडील एकच, घर एकच, पण खिडकीवर मिळणारे उत्तर वेगवेगळे!

खरी कसोटी दुःखाच्या वेळी

सिमकार्ड किंवा हॉटेलची अडचण निभावून नेता येते. वडील गेल्यावर मात्र हीच अडचण जड होते. तेराव्यानंतर परतीचे विमान असते आणि त्याच दिवसांत बँकेच्या खेपा सुरू होतात. वारसाचा पुरावा द्या, इथला मोबाइल नंबर द्या, त्यावर आलेला ओटीपी सांगा. मुलींचा प्रश्न तर आणखी गुंतागुंतीचा असतो. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, परदेशी पासपोर्टवर सासरचे. आपण याच वडिलांची लेक आहोत, हे रडवेल्या डोळ्यांनी कागदावर सिद्ध करावे लागते.

काय करावे?

• ओसीआय कार्ड गरज पडण्यापूर्वीच काढून ठेवा. घरून वाईट बातमीचा फोन आल्यावर व्हिसाची धावपळ करावी लागू नये. प्रवासात कार्डासोबत चालू पासपोर्टही हवाच.

• जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, विवाह प्रमाणपत्र आणि जुना पासपोर्ट जमा केल्याचे प्रमाणपत्र यांच्या प्रती एका फाइलमध्ये ठेवा. एक संच आई-वडिलांकडेही असू द्या.

• भारतात पैसे किंवा मालमत्ता असेल तर पॅन कार्ड काढा. त्यासाठी इथे राहण्याची अट नाही.

• हॉटेलला आधी फोन करून परदेशी पासपोर्ट असल्याचे स्पष्ट सांगा. रेल्वे आणि विमानात मूळ पासपोर्ट ओळखपत्र म्हणून चालतो.

• जुने मतदार ओळखपत्र वापरू नका. यादीतून नाव कमी करून घ्या.

• आई-वडिलांच्या हयातीतच बँकेतले नॉमिनेशन आणि मृत्युपत्र यांविषयी बोला. हा विषय अशुभ मानून टाळला, तर पुढे त्रास मुलांनाच होतो.

घरच्यांनीही थोडे समजून घ्यायला हवे. ‘‘तिकडचा झालास, आता भोग!’’ असा टोमणा मारण्यापेक्षा भावाने किंवा वहिनीने सोबत बँकेत जाणे अधिक उपयोगी ठरते.

कोल्हापूरचे ते गृहस्थ पुढच्या खेपेला हॉटेलात आधीच फोन करून आले. मालकाने पासपोर्टची नोंद केली, माहिती कळवली आणि खोलीची किल्ली दिली. सगळे दहा मिनिटांत झाले. आई मात्र नोंदवहीकडे पाहत राहिली. तिच्या लेकाच्या नावापुढे ‘परदेशी’ लिहिले होते.