कोड खरं सांगतो, पण अर्धंच

गुलमर्गला पर्यटकांना बर्फातून फिरवणारी स्नोमोबाइल आपल्याकडे अनेकांनी पाहिली आहे. क्यूबेक किंवा मिनेसोटात मात्र ती निव्वळ हौस नसते. उणे ३० अंशांत, वस्तीपासून लांब इंजिन बंद पडलं, तर प्रश्न जिवाशी येतो.

या गाड्यांची बरीच इंजिनं टू-स्ट्रोक असतात आणि काहींना बॅटरीच नसते. दोरी ओढली की फ्लायव्हीलमधली चुंबकं स्टेटरच्या कॉइलभोवती फिरतात आणि वीज तयार होते. त्या विजेवर ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा छोटा संगणक), इंजेक्टर आणि स्पार्क चालतात. जुन्या बजाज स्कूटरचा दिवा रेस दिल्यावर उजळायचा, तो याच तत्त्वावर. इंजिन अजिबात सुरू होत नसेल, तर आधी किल स्विच आणि चालकाला अडकवलेली सुरक्षादोरी तपासायची. मग दोरी ओढताना स्टेटरमधून व्होल्टेज येतंय का, हे मल्टिमीटरवर पाहायचं.

इंजिन सुरू होतं पण गुदमरतं, तेव्हा संशय सेन्सरवर जातो. शून्य अंशांच्या तुलनेत उणे ३० अंशांची हवा सुमारे १२ टक्के दाट असते, म्हणजे पेट्रोलही तेवढं जास्त लागतं. हे ईसीयूला तापमानाच्या सेन्सरवरून कळतं. थंडी वाढते तसा या सेन्सरचा रेझिस्टन्स वाढतो. बऱ्याच सेन्सरांत तो २० अंशांना सुमारे २,५०० ओहम, शून्याला ६,००० आणि उणे २० ला १५,००० च्या आसपास असतो.

वायर तुटली किंवा शॉर्ट झाली, तर आकडा अशक्य येतो आणि ईसीयू बिघाडाचा कोड दाखवतो. खरा त्रास त्याच्या अलीकडचा. कनेक्टरच्या पिनेवर हिरवट गंज चढून त्याने ९,००० ओहमची भर घातली, तर शून्य अंशांची हवा ईसीयूला उणे २० ची वाटते. आकडा शक्यतेतला असल्यामुळे कोड येत नाही. पेट्रोल जास्त जातं आणि प्लग ओले होतात. दोष उलट दिशेचा असेल, तर मिक्श्चर पातळ होऊन पिस्टनच जळू शकतो.

कोड आला तरी तो बिघडलेला भाग सांगत नाही, सर्किट सांगतो. त्या सर्किटमध्ये सेन्सर, वायरी, कनेक्टर आणि अर्थ सगळं येतं. हँडल वळतं तिथे वायर घासते, वितळलेलं पाणी कनेक्टरमध्ये शिरतं, उन्हाळ्यात गाडी पडून असताना उंदीर वायरी कुरतडतात. म्हणून आधी पिना पाहायच्या, मग सेन्सरला येणारे ५ व्होल्ट मोजायचे. थ्रॉटल सेन्सर असेल, तर थ्रॉटल सावकाश दाबताना व्होल्टेज सलग चढायला हवं. मध्येच उडी मारली तर आतला ट्रॅक झिजलेला. इंजिन चालू ठेवून वायरिंग हलकेच हलवलं की लूज कॉन्टॅक्ट सापडतो. ही तपासणी गाडी गार असतानाच करावी, कारण उबदार गॅरेजमध्ये पिना सुकतात आणि दोष दडून बसतो.

नवा सेन्सर टाकल्यावर गाडी सुधारली, तरी लगेच निकाल देऊ नये. सेन्सर बदलताना कनेक्टर काढून पुन्हा बसवला जातो, आणि तेवढ्यानेही पिनांचा संपर्क जुळतो. जुना सेन्सर परत लावून पाहावा. गाडी तरीही नीट चालली, तर तो चांगलाच होता आणि दोष अजून वायरिंगमध्येच आहे.