आतड्याचा कर्करोग यकृतात पसरला, तरी शस्त्रक्रिया होऊ शकते का?

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया नीट पार पडते. वर्ष-दीड वर्षानं तपासणीत यकृतात गाठ दिसते. 'आजार पसरलाय, चौथी स्टेज आहे' हे ऐकताच अनेक कुटुंबं आशा सोडतात. पण काही रुग्णांमध्ये ही गाठही काढता येते आणि त्यातले काही जण पूर्ण बरे होतात. हे कसं शक्य होतं?

गाठ यकृतातच का होते?

आतड्यातलं बहुतांश रक्त 'पोर्टल व्हेन' या रक्तवाहिनीतून आधी यकृतात जातं. रक्तात शिरलेल्या कर्करोगाच्या पेशी तिथे अडकून वाढू शकतात. यकृताखालोखाल हा आजार फुप्फुसात पसरतो. कधीकधी तो एकाच अवयवापुरता राहतो. अशा वेळी शस्त्रक्रियेचा विचार होतो.

कोणाची शस्त्रक्रिया करता येते?

गाठी किती आहेत, यापेक्षा त्या सगळ्या निघतील का आणि उरलेलं यकृत पुरेल का, हे महत्त्वाचं असतं. निरोगी यकृताचा साधारण ७० टक्क्यांपर्यंत भाग काढता येतो, कारण उरलेला भाग पुन्हा वाढतो. केमोथेरपीमुळे यकृतावर ताण आला असेल, तर जास्त भाग राखावा लागतो. आजार इतरत्र नाही ना, हे स्कॅन करून पाहतात. गाठी मोठ्या असतील, तर आधी केमोथेरपी देऊन त्या लहान करण्याचा प्रयत्न होतो.

यश किती मिळतं?

शस्त्रक्रियेसाठी योग्य ठरलेल्या रुग्णांपैकी साधारण ४० ते ५० टक्के जण पाच वर्षांनंतरही हयात असतात. मात्र निम्म्याहून अधिक जणांमध्ये आजार परततो. त्यातल्या काहींची पुन्हा शस्त्रक्रिया करता येते.

रुग्णांनी काय करावं?

यकृतातली लहान गाठ सहसा दुखत नाही. त्यामुळे बरं वाटतंय म्हणून तपासणी टाळू नये. आजार परतलाच, तर बहुतेकदा पहिल्या तीन वर्षांत परततो. म्हणून डॉक्टर ठरावीक काळानं सीईए ही रक्तचाचणी आणि सीटी स्कॅन करायला सांगतात.

गाठ आढळलीच, तर 'ही काढता येईल का?' हा प्रश्न यकृताच्या शस्त्रक्रिया नियमित करणाऱ्या सर्जनला विचारावा. उत्तर 'नाही' असेलही, पण ते विचारण्याआधी गृहीत धरू नये.