गिटहबवर ठेवण्याजोगे कर्वेनगरात काय आहे?

शिकवणीवर्ग, मुलींची वसतिगृहे, खानावळी, दवाखाने आणि लहानमोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या यांची पुण्यातल्या कर्वेनगरात दाटी आहे. ‘गुगलवर पहिल्या पानावर आणून देतो’ असे सांगणारे जाहिरातवाले अशा व्यावसायिकांना नवे नाहीत. अलीकडे या धंद्यात आणखी एक आश्वासन आले आहे: चॅटजीपीटीसारख्या एआय सहायकाला प्रश्न विचारला तर उत्तरात तुमचे नाव यावे, अशी व्यवस्था करू. त्यासाठी सुचवल्या जाणाऱ्या उपायांत गिटहब हे नाव हमखास असते. गिटहब ही २००८ साली सुरू झालेली सेवा. प्रोग्रामर आपल्या प्रकल्पाच्या फाइली तिथे ठेवतात, त्या संचाला रेपॉझिटरी म्हणतात. कोणी, कधी, कोणती ओळ बदलली याची नोंद तिथे आपोआप राहते आणि दर्शनी पानावर ‘रीडमी’ नावाची फाइल प्रकल्पाची ओळख करून देते. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही कंपनी साडेसात अब्ज डॉलरना विकत घेतली. विक्रेत्यांचा युक्तिवाद असा, की गुगलचा या साइटवर विश्वास आहे आणि एआय कंपन्या आपली मॉडेल तिथल्या मजकुरावर शिकवतात. म्हणून तिथे आपल्या नावाची रेपॉझिटरी उघडून रीडमीत आपल्या संकेतस्थळाची लिंक टाकली की काम झाले. यातल्या दोन्ही गोष्टी काही अंशी खऱ्या आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

आधी शोधयंत्राचे पाहू. १९९८ साली गुगल उभे राहिले ते एका कल्पनेवर: ज्या पानाकडे इतर चांगली पाने बोट दाखवतात ते पान महत्त्वाचे. साहजिकच फुकटात बोट दाखवून घेण्याची शर्यत लागली आणि २००५ मध्ये ‘नोफॉलो’ ही खूण आली. लिंकवर ती असली की साइटने त्या लिंकची हमी घेतलेली नाही, असा अर्थ होतो. २०१९ पासून गुगल तिच्याकडे सक्तीचा आदेश म्हणून न पाहता सूचना म्हणून पाहते, पण रोख तोच आहे. रीडमीतल्या बाहेरच्या लिंकांवर गिटहब हीच खूण लावते, त्यामुळे तिथून ‘पुण्याई’ वाहून येण्याची आशा फारशी उरत नाही. मार्च २०२४ मध्ये तर गुगलने दुसऱ्याच्या नावलौकिकावर आपला मजकूर चढवण्याच्या प्रकाराविरुद्ध स्वतंत्र धोरणच जाहीर केले. गिटहबवर पसंतीची खूण म्हणून ‘स्टार’ देतात, तेही विकत मिळतात. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ च्या अखेरीस सुमारे ४५ लाख संशयास्पद स्टार शोधून काढले. त्यांचा निष्कर्ष असा, की बनावट स्टारचा फायदा दोन महिनेही टिकत नाही आणि पुढे त्यांचे ओझेच होते. खानावळीच्या मालकाला तर हे सगळे निरुपयोगी आहे. भुकेला विद्यार्थी जवळची खानावळ नकाशावर शोधतो; तिथला पत्ता, वेळ, फोन नंबर आणि जेवणाऱ्यांचे खरे अभिप्राय नीट असावेत, एवढ्यात त्याचे काम भागते. त्याच्याकडून रेपॉझिटरीचे पैसे घेणे मला सरळ फसवणूक वाटते.

एआयची बाब अधिक गुंतागुंतीची आहे आणि तिथे ठोस पुरावा उपलब्ध आहे. मेटा कंपनीने २०२३ मध्ये आपल्या ‘लामा’ या मॉडेलची पहिली आवृत्ती कोणत्या मजकुरावर शिकवली याचा तपशील प्रसिद्ध केला. त्यात गिटहबचा वाटा ४.५ टक्के होता आणि विकिपीडियाचाही नेमका तेवढाच. म्हणजे विक्रेते म्हणतात ते महत्त्व काल्पनिक नाही. पण त्याच तपशिलात चाळणीही सांगितली आहे. अपाची, बीएसडी आणि एमआयटी या मोकळ्या परवान्यांखालचे प्रकल्पच घेतले, निकृष्ट फाइली गाळल्या आणि हुबेहूब एकसारख्या फाइलींतली एकच ठेवली. जाहिरातीचा एकच मजकूर शंभर रेपॉझिटरींत पेरणाऱ्याच्या हाती या चाळणीतून काय लागणार? उत्तर देताना एआय जे स्रोत वाचते त्यांच्याबद्दलही असाच अनुभव आहे. प्रिन्स्टन विद्यापीठ, आयआयटी दिल्ली आणि इतर काही संस्थांच्या संशोधकांनी २०२३ मध्ये याचा अभ्यास मांडला. मजकुरात आकडेवारी, अवतरणे आणि संदर्भ घातल्यावर उत्तरातले त्याचे स्थान ४० टक्क्यांपर्यंत सुधारले. तेच ते शब्द ठासून भरण्याच्या जुन्या युक्तीचा मात्र उपयोग झाला नाही.

मराठी वाचकाला अस्वस्थ करणारी ओळ लामाच्या त्या तपशिलात पुढेच आहे. विकिपीडियाच्या २० भाषा निवडल्या, त्या सगळ्या लॅटिन किंवा सिरिलिक लिपीत लिहिल्या जाणाऱ्या. स्लोव्हेनियनला जागा मिळाली, जी बोलणारे जेमतेम पंचवीस लाख. २०११ च्या जनगणनेत आठ कोटींवर बोलणारे असलेली मराठी त्या यादीत नव्हती. एआयला दिसण्याचा प्रश्न कोणा दुकानदारापेक्षा आधी आपल्या भाषेचा आहे, असे मी म्हणतो ते यामुळे. आणि रेपॉझिटरीचा खरा उपयोगही तिथेच दिसतो. पुण्यातल्या ‘एलथ्रीक्यूब’ या उपक्रमाने २०२१ मध्ये सुमारे १६ हजार मराठी ट्वीटचा संच प्रसिद्ध केला, प्रत्येकावर होकारार्थी, नकारार्थी की तटस्थ अशी खूण करून. धनकवडीच्या पीआयसीटी महाविद्यालयातले विद्यार्थी त्या कामात होते. पुढच्या वर्षी व्यक्ती, स्थळ, संस्था अशी आठ प्रकारची नामे हाताने टिपलेली २५ हजार वाक्ये आली आणि २.४८ कोटी वाक्यांचा मराठी मजकूरसंग्रह आला. हे सारे गिटहबवर खुले आहे. मराठीवर संगणकीय काम करणाऱ्यांच्या शोधनिबंधांत आज एलथ्रीक्यूबचे नाव वारंवार येते, कारण त्या कामाला त्यांचे संच उपयोगी पडतात. डेटामीट या नागरिकांच्या गटाने पुण्याच्या निवडणूक प्रभागांच्या सीमा अशाच एका रेपॉझिटरीत ठेवल्या आहेत. प्रभागाचा नकाशा संगणकाला वाचता येईल अशा रूपात हवा असेल, तर शोधणारा माणूस तिथे पोहोचतो. या दोन्ही ठिकाणी नाव मागाहून आले, आधी दुसऱ्याच्या उपयोगाची वस्तू आली.

मग हेच एखाद्या संकेतस्थळावर पीडीएफ टाकून का साधत नाही? मराठी संस्थांच्या पीडीएफ ज्याने उघडून पाहिल्या आहेत त्याला कारण माहीत असते. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, तरी पुढची कित्येक वर्षे आपले अहवाल, स्मरणिका आणि पुस्तके जुन्या फॉन्टांत जुळवली गेली. कागदावर अक्षर सुरेख उमटते, पण तो मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ समोर येतो. शोधयंत्रालाही तो गोंधळच दिसतो. अनेक पीडीएफ तर पानांचे नुसते फोटो असतात. रेपॉझिटरीत साधा युनिकोड मजकूर ठेवला तर तो तसाच वाचता येतो; ती तक्ता असेल तर तक्ता म्हणून दाखवते, नकाशा असेल तर नकाशा म्हणून, आणि प्रत्येक दुरुस्तीची तारीख जपते. परवान्याची फाइल सोबत असल्याने वापरणाऱ्याला विचारत बसावे लागत नाही. जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये आणणे हे कष्टाचे काम आहे. रेपॉझिटरी ते करून देत नाही.

एक आक्षेप मला गंभीर वाटतो. आपली भाषा, आपला मजकूर गोळा करून अमेरिकी कंपनीच्या हवाली करायचा, तिने त्यावर नफा कमवायचा, हे कशासाठी? परवानगीवाचून कोड वापरल्याच्या तक्रारीवरून नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रोग्रामरांनी गिटहब आणि मायक्रोसॉफ्टवर अमेरिकेत दावा दाखल केला, तेव्हा ही शंका हवेतली नाही. याचे उत्तर दोन भागांत आहे. गिटहब ज्या ‘गिट’वर चालते ते लिनस तोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहिलेले मुक्त सॉफ्टवेअर आहे, कोणाच्याही मालकीचे ताळे त्याला नाही. संपूर्ण इतिहासासह रेपॉझिटरी उचलून गिटलॅबवर, जर्मनीतल्या ना-नफा कोडबर्गवर किंवा संस्थेच्या स्वतःच्या संगणकावर नेता येते. दुसरे म्हणजे, काय द्यायचे ते आपण ठरवायचे. जिवंत लेखकाचे पुस्तक, विद्यार्थिनींची माहिती, लाभार्थ्यांच्या याद्या तिथे कदापि जाऊ नयेत. एकदा गेलेली फाइल नंतर पुसली तरी इतिहासात आणि इतरांनी घेतलेल्या प्रतींत उरते. पण जे आधीच सर्वांचे आहे ते अडवून धरल्याने कंपनीचे काही बिघडत नाही. तिचे मॉडेल मराठीबद्दल तिसऱ्याच कोणाच्या चुकीच्या मजकुरावरून बोलत राहते.

सर्वांचे झालेले असे लेखन ज्या माणसामुळे कर्वेनगरला नाव मिळाले त्याचेच आहे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये काढलेला आश्रम १९०० साली तेव्हाच्या हिंगण्यात, म्हणजे आजच्या कर्वेनगरात आला. त्यांचे निधन ९ नोव्हेंबर १९६२ चे. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले ‘आत्मवृत्त’ आणि १९३६ चे इंग्रजी ‘लुकिंग बॅक’ यांवर १ जानेवारी २०२३ पासून कोणाचाही हक्क उरलेला नाही. नंतरच्या संपादकांच्या प्रस्तावना आणि टिपा तेवढ्या वगळाव्या लागतील. कर्व्यांच्याच संस्थेने १९९१ मध्ये मुलींसाठी काढलेले कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय याच परिसरात आहे, आणि गिट वापरणे तिथल्या विद्यार्थिनींना वेगळे शिकवावे लागू नये. त्यांनी या पुस्तकांची रेपॉझिटरी उभारावी: प्रकरणागणिक एक फाइल, युनिकोडमध्ये टंकलेली, मूळ छापील पानाचा क्रमांक समासात दिलेली. रीडमीत मराठीत आणि इंग्रजीत चार परिच्छेद, त्यांत कोणत्या आवृत्तीवरून मजकूर घेतला, जुने शुद्धलेखन ठेवले की बदलले, आणि कर्व्यांच्या आयुष्यातल्या तारखा कोणत्या कागदावरून घेतल्या याची नोंद. शेवटी एक परवाना. एखाद्या अनुस्वाराची चूक नागपूरच्या किंवा न्यू जर्सीच्या वाचकाला सापडली तर त्याने दुरुस्ती सुचवावी, इथल्या मुलींनी छापील प्रतीशी ताडून ती स्वीकारावी किंवा नाकारावी, आणि कारण तिथेच लिहावे.